बारा नंबरचा पाना आणि उघडी बोटं

गॅरेजच्या धंद्यात कामाचे दोन ढीग पाडायची सवय असते. इंजिन उतरवणं, गिअरबॉक्स खोलणं, क्लच प्लेट टाकणं ही मोठी कामं. बल्ब, बेल्ट, होज पाइप, बॅटरीचं टर्मिनल ही बारीक. मोठ्या कामाला दिवस ठरतो, जागा ठरते, माणसं ठरतात. बारीक कामासाठी कुणी काही ठरवत नाही. ते जिथं उपटेल तिथं, उभ्या उभ्या उरकायचं असतं. साताऱ्यात ही वाटणी बरोबर आहे. लडाखच्या हिवाळ्यात ती साफ चुकते. तिथं मोठं काम त्या मानानं सोपं आणि बारीक काम जीव खाणारं.

मी फौजेत ईएमईमध्ये व्हेइकल मेकॅनिक होतो. ईएमई म्हणजे फौजेच्या गाड्यांपासून तोफा-रडारपर्यंत सगळ्याची दुरुस्ती बघणारी कोअर. सिकंदराबादच्या सेंटरमध्ये शिकलो, मग राजस्थानात काही काळ काढला. तिथं उन्हात पडलेला पाना उचलायचा तर ओलं फडकं लागायचं. त्यानंतर लेह. आता निवृत्तीनंतर गावाजवळच्या रस्त्याला माझं छोटं गॅरेज आहे. डिसेंबरात महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवर दव गोठल्याचा फोटो पेपरात आला की गिऱ्हाइकं हमखास विचारतात, "तुम्ही लडाखला होता नव्हं? तिकडं गाड्यांचं कसं करत होता?" एका चहात ते सांगून होत नाही, म्हणून लिहायला घेतलं.

मोठं काम सोपं, कारण ते शेडमध्ये होतं. दारं लावलेली, पायाखाली फळ्या, कोपऱ्यात बुखारी पेटलेली. बुखारी म्हणजे रॉकेलवर चालणारी शेगडी, तिचं धुराडं छतातून बाहेर काढलेलं. शेडमध्येही ऊब म्हणावी अशी नसते, पण वारा नसतो. वारा नसला की बाकीचं सोसता येतं. बारीक काम मात्र गाडी जिथं थांबली तिथंच: घाटात, पुलावर, उघड्या माळावर. बेल्ट तुटला म्हणून कुणी गाडी टोचन करून शेडपर्यंत आणत नाही.

त्यात उंची. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. खालून आलेल्या जवानाला तिथं पहिले सहा दिवस कामाला लावतच नाहीत. आधी नुसता आराम, मग थोडं चालणं, मग डॉक्टरची तपासणी. त्याहून वर जायचं असेल तर पुढच्या टप्प्यांवर पुन्हा चार-चार दिवस. त्यानंतर शरीर रुळलं असं म्हणतात, पण बॉनेटमध्ये वाकून घट्ट बसलेल्या बोल्टाला जोर लावला की दम लागतोच. पाना एकदा फिरवायचा, सरळ उभं राहायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा वाकायचं. ट्रकखाली पाठीवर सरकायचं तर अंगावर स्वेटर, त्यावर कोट, त्यावर पार्का. पाठीखाली आम्ही रेशनच्या खोक्यांचा पुठ्ठा घालायचो. स्टोअरमधून सहीशिक्क्यानं मिळणाऱ्या कितीतरी वस्तूंपेक्षा तो पुठ्ठा मी जास्त जपला आहे.

एक काम जरा सविस्तर सांगतो. जानेवारीत चांग ला खिंडीच्या अलीकडे एका जिप्सीचा फॅन बेल्ट तुटला. बेल्ट जुना होता, थंडीनं कडक झाला होता, कधीतरी जाणारच होता. डॅशबोर्डवर चार्जिंगचा लाल दिवा लागला आणि ड्रायव्हरनं गाडी लगेच कडेला घेऊन बंद केली. त्या गाडीत एकच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो आणि अल्टरनेटरही. तो गेला की इंजिन तापणार आणि बॅटरीही उतरणार. मी आणि माझा जोडीदार, केरळचा एक क्राफ्ट्समन, मागच्या गाडीत होतो.

खाली हे पंधरा मिनिटांचं काम आहे. अल्टरनेटरचे बोल्ट सैल करायचे, तो इंजिनकडे ढकलायचा, नवा बेल्ट पुलींवर चढवायचा, टॉमीनं अल्टरनेटर बाहेर ताणून बोल्ट आवळायचे आणि अंगठ्यानं दाबून बेल्टचा ताण बघायचा. जिप्सीच्या बॉनेटखाली हात घालायला जागाही भरपूर.

तिथं मात्र बॉनेट उघडायच्या आधीच अर्ध्याहून जास्त काम करावं लागतं. इंजिन नुकतंच बंद केलेलं असतं, त्याची ऊब बॉनेटखाली कोंडलेली असते आणि तेवढीच तुमची शिल्लक. बॉनेट उघडलं की ती वाऱ्यावर गेली. नवखा मेकॅनिक गाडी थांबली की आधी बॉनेट वर करतो, मग पाने शोधायला जातो. तो परत येईपर्यंत इंजिनही गार आणि हातही. म्हणून आम्ही आधी मागची गाडी वाऱ्याच्या बाजूला आडोशासारखी लावून घेतली. इंजिनखाली तिरपाल पसरलं, कारण बर्फात पडलेला वॉशर थेट मे महिन्यात सापडतो. बारा आणि चौदा नंबरचे पाने काढून पार्काच्या खिशात ठेवले. नवा बेल्ट खोक्यातून काढला तर इतका ताठ होता की पुलीवर चढलाच नसता. तो शर्टाच्या आत पोटाशी धरून मी गाडीत बसलो. गार रबर उघड्या पोटाला लागल्यावर तोंडून जे शब्द निघतात ते छापण्यासारखे नाहीत. बेल्ट मऊ होईस्तोवर दोघांनी बोलून घेतलं: वरचा बोल्ट कुणाचा, खालचा कुणाचा, टॉमी कोण धरणार. मगच बॉनेट उघडलं.

सैल करायचं काम हातमोज्यांत होतं. आत लोकरीचे, वर चामड्याचे. जुन्या बेल्टचे तुकडे काढणं, टॉमी धरणं, शेवटचा आवळा देणं, हेही हातमोज्यांत होतं. पण वरच्या पट्टीचा बोल्ट माती आणि बर्फानं धरला होता, तो सोडवता सोडवता पुरता बाहेर आला. आता तो परत लावायचा. बोल्टाचे पहिले दोन आटे नीट धरलेत की तिरके जातायत, हे डोळ्याला दिसत नाही. ते बोटाच्या टोकाला कळतं, आणि दुहेरी मोज्यातून बोटाला काहीच कळत नाही. तिथं हातमोजा काढावाच लागतो. आमचा नियम असा होता की मोजा काढला की मोठ्यानं वीसपर्यंत मोजायचं. तेवढ्यात आटा धरला तर ठीक, नाही तर हात काखेत आणि दुसऱ्याची पाळी. मी मराठीत मोजायचो, तो मल्याळममध्ये. वॉशर घसरू नये म्हणून त्याला आधी ग्रीसचा ठिपका लावून ठेवला होता. थंडीत ग्रीस इतकं घट्ट होतं की वॉशर जागचा हलत नाही. तिथल्या थंडीनं मेकॅनिकवर केलेला एवढाच उपकार मला आठवतो.

बेल्ट बसला, गाडी चालू झाली, दिवा विझला. सगळ्या खटाटोपात बोटं उघडी होती तो वेळ अगदी थोडा. पण उरलेलं सगळं, म्हणजे आडोसा, तिरपाल, पोटाशी धरलेला बेल्ट, ती बोलाचाली, हे त्या थोड्या वेळासाठीच होतं. थंडीतलं काम असं उलटं मोजावं लागतं. कुठला भाग मोज्यात होईल, कुठला होणार नाही, हे आधी ठरवायचं आणि न होणारा भाग कापून कापून लहान करायचा. गाडीच्या पुस्तकात कामाला लागणारा जो वेळ छापलेला असतो तो कुठल्या तरी उबदार शेडमध्ये मोजलेला असतो. लडाखमध्ये मी त्या आकड्याकडे पाहणं सोडून दिलं होतं.

आपल्याकडच्या मेकॅनिकची एक सवय तिथं फार महागात पडते. दोन्ही हात गुंतले की आपण नट-बोल्ट ओठांत धरतो. शिंपी टाचण्या धरतो, सुतार खिळे धरतो, तसंच. उणे वीसमध्ये लोखंड ओल्या ओठाला लागलं की चिकटून बसतं. उत्तर प्रदेशातल्या एका पोराचं असं झालं. कामाच्या पहिल्याच आठवड्यात बोल्ट ओठाला धरून तो आमच्याकडे धावत आला. बोलता येईना, ओढायला जीव होईना. अशा वेळी ओढायचं नसतं, ओठाचं सालपट निघतं. कोमट चहा हळूहळू ओतला, सुटला. पुढं महिनाभर लंगरमध्ये त्याला चहा देताना प्रत्येकजण विचारायचा, "पिण्यासाठी की बोल्टासाठी?"

रॅचेट हे दुसरं दुखणं. बाहेर राहिलेल्या रॅचेटमधलं ग्रीस घट्ट होतं, आतला खटका दात पकडत नाही आणि हॅन्डल दोन्हीकडे नुसतं फिरत राहतं. खोलीत आणून गरम करावं तर थंड लोखंडावर दव धरतं आणि बाहेर नेलं की तेच पाणी आत गोठतं. शेवटी आम्ही रॅचेट खोलून रॉकेलनं धुतले, पातळ तेलाचे दोन थेंब सोडले आणि बाहेरच ठेवले. हत्यारांनी थंडीतच राहावं, ऊब माणसांसाठी ठेवावी, हा आमच्या सुभेदारसाहेबांचा हुकूम होता, आणि तो शंभर टक्के बरोबर होता.

सकाळी सगळ्यात जास्त बोंब बॅटरीची. उणे अठराच्या आसपास चांगली बॅटरीसुद्धा निम्मीच ताकद देते, आणि नेमकं तेव्हाच इंजिन ऑइल घट्ट झाल्यामुळं सेल्फला दुप्पट ओढायला लागतं. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे पन्नासलाही गोठत नाही. पुरती उतरलेली बॅटरी मात्र उणे आठ-दहालाच गोठून फुगते. अशा गोठलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीवरून जंपर लावायचा नसतो, फुटू शकते. त्यामुळं रात्री बॅटऱ्या काढून खोलीत आणायच्या आणि सकाळी परत लावायच्या. ऐकायला सोपं आहे. ट्रकची बॅटरी दोघांनी दोरीच्या कडीला धरून उचलायची, दहा पावलं चालायचं, खाली ठेवायची, धापा टाकायच्या, पुन्हा दहा पावलं. पहाटे अंधारात टर्मिनल आवळायचं, तेही टॉर्च तोंडात न धरता. आणि हे रोज. बारीक कामाचा खरा त्रास या 'रोज'मध्ये आहे.

कुलंटचं गणित लोक इथंही चुकीचं करतात. जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं असं समजून निव्वळ कुलंट ओततात. पाणी आणि कुलंट निम्मं-निम्मं असेल तर मिश्रण उणे छत्तीस-सदतीसपर्यंत गोठत नाही. निव्वळ कुलंट त्याच्या कितीतरी आधी, उणे बारा-तेरालाच गोठायला लागतं. उलट उन्हाळाभर ड्रायव्हर रेडिएटरमध्ये ओढ्याचं साधं पाणी घालत राहिले की मिश्रण पातळ होतं आणि नोव्हेंबरात एका रात्रीत त्याचं बर्फ होतं. पाण्याचं बर्फ होताना ते सुमारे नऊ टक्के फुगतं. ते फुगणं इंजिनच्या ब्लॉकला झेपत नाही. नशीब बरं असलं तर नुसता कोअर प्लग बाहेर ढकलला जातो, नाही तर ब्लॉकला चीर. ज्या खासगी ट्रकवाल्यांकडे कुलंट नसायचं ते रात्री कॉक उघडून सगळं पाणी सोडून द्यायचे आणि सकाळी स्टोव्हवर तापवून परत भरायचे. इंजिन लवकर तापावं म्हणून रेडिएटरपुढं गोणपाट लावायचे. ते काढायला विसरले की पुढच्या चढाला, चहूकडे बर्फ असताना, गाडी उकळून उभी. बर्फात वाफा टाकणारी गाडी बघून नवीन माणसाला हसू येतं. लेहच्या उंचीवर पाणी अठ्ठ्याऐंशीच्या आसपासच उकळतं हे त्याला माहीत नसतं.

डिझेलची कथा आणखी वेगळी. आपल्याकडे थंडीत बाटलीतलं खोबरेल तेल थिजतं, तसं साधं डिझेल थिजतं. त्यातलं मेण आधी धुक्यासारखं दिसायला लागतं, मग फिल्टरवर थर धरतं आणि इंजिनपर्यंत डिझेल पोचतच नाही. मग फिल्टरवर गरम पाण्यात बुडवलेलं फडकं ठेवायचं, हातपंप मारून हवा काढायची, पाइपचे बँजो बोल्ट सैल करायचे, बुडबुडे जाईपर्यंत थांबायचं. त्यात हातावर डिझेल सांडलं की वाऱ्यानं बोटं पेटल्यागत झोंबतात. ओल्या हातमोज्याचा उपयोग शून्य. तो काढायचा आणि कोरडा घालायचा, म्हणून खिशात कायम एक जादा जोडी. तिथले ट्रकवाले डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचे. काही जण टाकीखाली आणि ऑइल चेंबरखाली स्टोव्ह किंवा ब्लो लॅम्प धरायचे. ते दृश्य पाहिलं की मी दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहायचो. नंतर, नोव्हेंबर २०१९ मध्ये, इंडियन ऑइलनं पानिपतच्या रिफायनरीतून लडाखसाठी खास हिवाळी डिझेल द्यायला सुरुवात केली. ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. माझ्या वेळी ते नव्हतं. तिकडं असलेल्या पोरांना हे सांगितलं की त्यांना मी फार जुन्या काळचा वाटतो.

आणि मग ती चिल्लर कामं, ज्यांची जॉब कार्डवर धड ओळसुद्धा होत नाही. मागचा दिवा गेला. बल्ब बदलायचा, एवढंच. दिव्याच्या लेन्सचे स्क्रू जाम. स्क्रू ड्रायव्हर दाबून फिरवला की कडक झालेलं प्लास्टिक काडकन तुटतं. बल्ब चिल्लर पैशांचा, लेन्सची मागणी वर लिहून पाठवायची. वायरीचं वेष्टण वाकवलं की तडकतं. वायपर काचेला चिकटतात, म्हणून रात्री ते उभे करून ठेवायचे. काचेवरचं बर्फ घालवायला गरम पाणी ओतलं की काचेला चीर, तेव्हा प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडायचं. किल्ली लायटरवर तापवून कुलपात घालायची. यातलं एकही काम अवघड नाही. पण एका सकाळी अशी पाच-सहा कामं झाली की माणूस इंजिन उतरवल्यापेक्षा जास्त थकतो, आणि संध्याकाळी सांगायला हातात काहीच नसतं.

सुभेदारसाहेब पंजाबचे, उंच, कमी बोलणारे. आम्ही काम करत असताना ते गाडीकडे पाहतच नसत. आमच्या चेहऱ्यांकडे आणि हातांकडे पाहत. बाहेर कुणीही एकट्यानं काम करायचं नाही, जोडीनंच, हा त्यांचा दंडक. जोडीदारानं मधूनमधून दुसऱ्याचं नाक, गाल, कान बघायचे, कारण पांढरा पडलेला डाग स्वतःला दिसत नाही. हात दुखतात म्हणून कुणी कुरकुरला तर ते खूश असायचे. कुरकुर थांबली की पुढं येऊन विचारायचे, "दर्द है अभी?" "नहीं साब, अब ठीक है," असं उत्तर आलं की पाना काढून घेत आणि त्याला आत पाठवत. दुखायचं थांबणं म्हणजे बोट बधिर होऊ लागलं. तिथून पुढं फ्रॉस्टबाइट आणि मग डॉक्टर काय म्हणतील ते. आत गेल्यावरही हात बुखारीवर धरायला बंदी. बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. काखेत धरायचे. रक्त परत यायला लागलं की अशा मुंग्या आणि अशी कळ येते की मोठमोठे गडी डोळे पुसतात. साहेब म्हणायचे, बेल्ट उद्या बसेल, बोट उद्या बसणार नाही. त्यांच्या हाताखाली कुणाचं बोट गेल्याचं मी तरी पाहिलं नाही.

आता हे सगळं इथल्या माणसांना का सांगतोय? कारण हल्ली आमच्याच भागातली पोरं स्वतःच्या गाड्या घेऊन थेट लडाखला निघतात, आणि काहींना तर मुद्दाम हिवाळ्यातच जायचं असतं. निघायच्या आधी गॅरेजला येतात, सीट कव्हर बदलून घेतात, साउंड सिस्टिम लावून घेतात. कुलंटचं प्रमाण मोजून द्या असं म्हणणारा क्वचित. बाबांनो, जायचं तर जरूर जा. पण कुलंट निम्मं-निम्मं करून घ्या, बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर इथंच बदला, इंजिन ऑइल तुमच्या गाडीला चालेल असं थंडीचं घाला, आणि डिझेलची गाडी असेल तर खालून भरून नेलेल्या डिझेलवर वरची रात्र काढू नका. तिथलं हिवाळी डिझेल भरा. एक जादा बेल्ट, एक जादा हातमोज्यांची जोडी आणि जुन्या खोक्याचा पुठ्ठा डिकीत टाका. तिथल्या मेकॅनिकनं साध्या बल्बाच्या कामाला वेळ लावला आणि चार पैसे जास्त मागितले तर घासाघीस करू नका, त्याची बोटं बघा.

आणि रात्री मुक्कामाला हँडब्रेक ओढू नका. ओले लायनर ड्रमला गोठून चिकटतात आणि सकाळी मागची चाकं फिरत नाहीत. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका आणि चाकांना दगड लावा. दगड तिथं हवे तेवढे मिळतात.